मद्रासमध्ये हरवलेलं आडनाव

चेन्नईला निघताना सासूबाईंनी एकच काम सांगितलं. कांजीवरम नको, कॉफीची पूडही नको. "जमलं तर माझ्या आजोबांचं आडनाव शोधून आण."

सासूबाईंचं माहेर तंजावरी मराठी. आजोबा मद्रासला महसूल खात्यात होते, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या नावाच्या शेवटी 'राव' आणि आधी दोन इंग्रजी आद्याक्षरं. आडनाव कुठेच नाही. 'आपण मुळात कुठले?' हा प्रश्न ऐंशी ओलांडल्यावर त्यांना फारच छळू लागला होता.

शोधाची सुरुवात मी सेंट जॉर्ज किल्ल्यापासून केली. ईस्ट इंडिया कंपनीनं तो 1640 मध्ये समुद्रकाठी वसवला. आज तिथे तामिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय आहे, त्यामुळे आत शिरताना तपासणी होते. लोकलनं 'फोर्ट' स्टेशनला उतरलं की किल्ला जवळच.

आतलं सेंट मेरीज चर्च 1680 चं. तोफगोळ्यांना दाद देऊ नये म्हणून छत चांगलं जाडजूड बांधलेलं. अंगणात पाऊल ठेवलं आणि दचकलेच. पायाखाली थडग्यांचे दगड! जुन्या दफनभूमीतून आणून फरशीसारखे बसवलेले. चप्पल काढावी की नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

या चर्चच्या नोंदवहीतलं पहिलं लग्न एलिहू येलचं, 1680 मधलं. ज्याच्या नावानं अमेरिकेतलं येल विद्यापीठ ओळखलं जातं, तोच हा मद्रासचा गव्हर्नर. रॉबर्ट क्लाइव्हचं लग्नही इथेच लागलं, 1753 मध्ये. मद्रासमधल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्यामुळे कुणा इंग्रजाला आपला पूर्वज मद्रासला कधी वारला हे हुडकायचं असेल, तर त्याला घरबसल्याही वाट सापडते. मला, खरं सांगते, हेवा वाटला. कलकत्त्याच्या जॉब चार्नॉकच्या तीन मुलींचा बाप्तिस्मा 1689 मध्ये इथेच झाला. त्यांची आई हिंदू होती असं सांगतात. तिचं जन्मनाव मात्र कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही.

याच चर्चमध्ये श्वार्ट्‌झ या जर्मन धर्मोपदेशकाचं कंपनीनं उभारलेलं संगमरवरी स्मारक आहे. तंजावरच्या सरफोजी राजांना लहानपणी आधार दिला तो यांनीच. राजे काही काळ मद्रासलाच राहून शिकले. तंजावरची वाट अशी अचानक समोर आली.

शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांनी स्थापन केलेलं ते राज्य 1855 पर्यंत टिकलं. शेवटचे शिवाजी राजे पुत्राविना वारले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. मद्रासच्या कोर्टात त्यांनी दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1859 मध्ये निकाल सरकारच्या बाजूनं लागला. दरबार संपला. लेखणीवर पोट असलेली माणसं सरकारी कचेऱ्यांकडे आणि संस्थानांकडे वळली. काहींनी तर ही वाट आधीच धरली होती. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव त्यांतलेच. मद्रासला शिकलेले, 1891 मध्ये मैलापूरला वारलेले. त्यांच्या नावातला 'टी' म्हणजे तंजावर! इंग्रजी पटावर गाव आद्याक्षर होऊन उरलं आणि आडनाव गळून पडलं.

दुसऱ्या दिवशी एग्मोरला गेले. रेल्वे स्टेशनसमोरच तामिळनाडू अभिलेखागाराची लाल इमारत आहे, 1909 ची. कंपनीच्या काळातली जुनी दफ्तरं इथे आहेत. मे 1677 च्या एका नोंदीत चक्क आपले महाराज भेटतात! दक्षिणेच्या मोहिमेवर असताना त्यांनी मद्रासच्या इंग्रजांकडे विषावर उतारा म्हणून वापरले जाणारे खडे मागवले होते. इंग्रजांनी ते पैसे न घेता भेट म्हणून पाठवायचं ठरवलं. किल्ल्याला कोण शेजारी आलाय, हे त्यांना चांगलंच कळलं होतं.

आजोबा मात्र सहज सापडेनात. आपल्या माणसांची नोंद जन्ममरणाची नव्हे, कामाची. पगार, जमीन, परीक्षा किंवा कोर्टकज्जा यांतून नाव आलं तरच माणूस दिसणार. आजोबा बी. ए. होते असं सासूबाई म्हणाल्या होत्या. म्हणून मद्रास विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं मागवली. त्यांत पदवीधरांच्या याद्या असतात. चौथ्या खंडात नाव सापडलं. तीच दोन आद्याक्षरं, तेच 'राव'. बोट ठेवून कितीतरी वेळ नुसती बघत बसले. आडनाव तिथेही नव्हतंच.

संध्याकाळी मैलापूरला एका तंजावरी अक्कांकडे गेले. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल. काही शब्द मात्र माझ्या पणजीच्या तोंडचे. जेवायला डांगर पच्चडी होती. कहाणी ऐकून त्या हसल्या.

"आडनाव कशाला शोधता? कुलदैवत कोणतं ते विचारा. आम्ही सगळं विसरलो, देव नाही विसरलो."

त्यांच्या आजोबांनी नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत मोडीतलं स्वतःचं घराणं शोधून काढलं होतं. यात्रेला गेलेला माणूस तिथे गाव सांगतो, बापआजाची नावं सांगतो, खाली सही करतो. कंपनीच्या दफ्तरात नसलेलं ते सगळं गोदाकाठच्या वहीत!

तिथूनच घरी फोन लावला. आजोबांचं नाव यादीत दिसलं म्हटल्यावर सासूबाई जरा वेळ बोलल्याच नाहीत. मग कुलदैवताचं विचारलं.

"खंडोबा. पण जेजुरीचा नाही, पालीचा. आजी हे दर वेळी बजावून सांगायची."

पाली म्हणजे सातारा जिल्हा. शोधाला निदान एक मुलूख मिळाला. अक्कांनी सांगितलेलं नाशिकचं सगळं मी त्यांना सांगितलं.

"अगं, मग तू परत आलीस की लगेच तिकिटं काढ," त्या म्हणाल्या. "दोघींची."