मेंढीकोटाला चौघं लागतात

आमच्या घराण्यात पत्त्यांना प्रतिष्ठा नव्हती. आजोबांनी सगळी उमर होळकर दरबाराच्या हिशेबात घालवलेली, त्यामुळे खेळात वेळ घालवणारा माणूस त्यांच्या लेखी खर्चाच्या बाजूचा. तरीही इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात, पंचांगामागच्या फडताळात, पत्त्यांचा एक कॅट कायम असायचा. तो आत्याचा. लग्न होऊन नाशिकला जाताना तिनं तो सोबत नेला नाही. "मी येईन तेव्हा इथेच लागेल," असं आजीला सांगून ठेवून गेली. त्यातली चौकटची सत्ती कधीतरी हरवली होती. वडिलांनी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची नवी कापून, वर लाल शाईनं चौकटी काढून तिची जागा भरली. ती ज्याच्या हातात जाई त्याच्याकडे सत्ती आहे हे सगळ्या डावाला कळे, आणि त्याबद्दल कुणी कधी तक्रार केली नाही.

माळव्यातल्या मराठी घरांना मुलगी अशी दूर देणं नवीन नव्हतं. 1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली. दफ्तर, वसुली, फौज, पूजाअर्चा अशा कामांसाठी देशावरून आलेली घरं इथेच रुजली, आणि सोयरीक मात्र निम्मी इथे, निम्मी तिकडे होत राहिली. पुढे 1956 मध्ये राज्यांची फेररचना झाली, इंदूर मध्य प्रदेशात गेलं. आमचं घर एका राज्यात, आजोळ दुसऱ्या राज्यात, शाळेची पुस्तकं हिंदीत आणि रागावणं मराठीत, असं आमचं बालपण. अशा पसरलेल्या कुटुंबात नातं आपोआप टिकत नाही. कुणीतरी उठून जावं लागतं, गाडी बदलून, रात्र जागून. आमच्याकडे ते आत्यानं केलं.

गाडी खंडव्याला बदलावी लागे. नाशिकरोडहून मोठ्या गाडीनं भुसावळ, बऱ्हाणपूर करत खंडवा, आणि तिथून छोट्या रुळांची गाडी. या रुळांसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. ही गोष्ट आजोबा इतक्या अभिमानानं सांगत, की रक्कम जणू त्यांच्याच हातून मोजली गेली होती. एकदा उन्हाळ्यात आत्याला आणायला काकांबरोबर मी खंडव्यापर्यंत गेले होते, म्हणून परतीचा तो प्रवास मला तिच्या शेजारी बसून पाहायला मिळाला. नर्मदेचा पूल आला की तिनं डब्यातल्या अनोळखी पोरांनाही एकेक नाणं दिलं आणि सगळ्यांकडून एकदम नदीत टाकून घेतलं. कालाकुंडला पळसाच्या पानातला कलाकंद घेतला तो घरच्यांसाठी म्हणून, पण घाट चढायला मागून दुसरं इंजिन लागेपर्यंत त्यातला निम्मा डब्यात वाटून झाला होता. पातालपाणीचा धबधबा त्या दिवसांत कोरडाच होता. तरी तिनं सगळ्यांना खिडकीशी उभं केलं आणि पावसाळ्यात इथे काय दिसतं ते हात पसरून दाखवलं. महू येईपर्यंत त्या डब्यातले लोक एकमेकांची गावं विचारू लागले होते.

ती घरात आली की कामं वाढत, हे खरं. सत्तरच्या दशकात इंदुरात पाण्याची इतकी ओढ असे, की पाहुणा म्हटला की बायकांच्या पोटात आधी बादल्यांचा हिशेब उभा राहायचा. 1978 मध्ये सुमारे 70 किलोमीटर लांबून नर्मदेचं पाणी शहरात आलं तोवर ही चिंता घरोघरची होती. आत्या पहाटे नळाशी पहिली जाऊन उभी राही, आळीतल्या बायकांची रांग लावी, भांडणं मिटवी आणि परत येताना दोन-तीन घरची खुशाली घेऊन येई. नर्मदा नळाला आल्यावर म्हणाली, "मी इतकी वर्षं तिला पैसे टाकून राहिले होते, आता ती मला भेटायला आली." नाशिकला ती चांगली नाशिकचं मराठी बोले. इथे उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं, की पहिल्याच वाक्याला अशी इंदुरी होई.

मोठी माणसं तिला हौशी म्हणत. थोडं लाडानं, थोडं नापसंतीनं. वयात येणाऱ्या मुलींना तिचं उदाहरण देत नसत. कर्ती बाई म्हणजे सण सांभाळणारी, पापड-कुरडया वेळेवर करणारी, अशी ठरलेली व्याख्या होती आणि आत्या तीत बसत नव्हती.

पण आजीला रात्रीचा सराफा तिनंच दाखवला. ती अनंतचतुर्दशी होती. त्या रात्री इंदूर झोपत नाही. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा कापड गिरण्यांचे कामगार महिनामहिना राबून दिव्यांच्या झाँक्या उभ्या करतात आणि त्यांची मिरवणूक पहाटेपर्यंत शहरातून चालते. गावोगावचे नातेवाईक त्यासाठी इंदुरात येत आणि प्रत्येक घरी अंथरुणं कमी पडत. (हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. पगार थकलेल्या कामगारांनी झाँकी मात्र बंद होऊ दिली नाही. या शहराबद्दल मला इतकं आदरानं दुसरं काही सांगता येणार नाही.) जेल रोडवर झाँक्या पाहून झाल्यावर बायका घरी निघाल्या, तेव्हा आत्यानं आजीचा हात धरला आणि मोर्चा राजवाड्याकडे वळवला. आजी लग्न होऊन इंदुरात आली त्याला तेव्हा चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. सराफ्यात ती असंख्य वेळा गेली होती, पण दिवसाउजेडी, पाटल्या घडवायला, नथीचा मोती बसवायला. सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया मांडल्या जातात, हे तिला ऐकून ठाऊक होतं. पाहायला कुणी नेलं नव्हतं, कारण रात्री तिथे जायचं ते पुरुषांनी.

भाद्रपद म्हणजे मक्याचे दिवस. भुट्ट्याचा कीस द्रोणात आला, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि जीरावन. आजीनं आधी पदर सावरला, मग आजूबाजूला पाहिलं, मग चमचा उचलला. पुढे गरम जिलबी, मग रबडी घातलेली घट्ट इंदुरी शिकंजी. माझी आई आणि काकू एका द्रोणातून खात होत्या. स्वयंपाकघरात दोघींचं फारसं पटत नसे, आणि तिथे मात्र एकमेकींना "तू घे ना" चाललं होतं. पहाटे घरी आलो तर आजोबा दारात जागे. आजीच त्यांना म्हणाली, "माझ्या लेकीनं नेलं होतं." आवाजात ओशाळलेपण अजिबात नव्हतं.

आत्याचं खरं मोठेपण मला कळलं ते मात्र पुढे, आजी-आजोबा गेल्यावर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझे वडील आणि काका यांच्यात घराच्या वाटणीवरून बेबनाव झाला. रस्त्याकडची खोली कुणाची, मागच्या अंगणाचं काय, असे प्रश्न, जे प्रत्येक जुन्या घरात निघतात. चुली दोन झाल्या. दोघे भाऊ एकाच दारातून आत येत आणि एकमेकांकडे न पाहता आपापल्या बाजूला वळत. चुलत भावंडं आम्ही, खेळायचं की नाही हे आधी मोठ्यांचे चेहरे पाहून ठरवू लागलो होतो. मध्यस्थी करायला वजनदार मंडळी येऊन गेली, चहा पिऊन, न्याय सांगून गेली, आणि प्रत्येक वेळी तेढ थोडी वाढली.

आत्या आली ती घराबद्दल एक शब्द बोलली नाही. सकाळी एकीकडे जेवली, संध्याकाळी दुसरीकडे. रात्री मधल्या चौकात सतरंजी अंथरली, फडताळातून कॅट काढला आणि हाक मारली, "दादा, काय करून राहिलास आत? बाहेर ये, एक गडी कमी पडून राहिला." काकांनाही तसंच. दोघे आले, कारण बहिणीला नाही म्हणायची सवय दोघांनाही नव्हती. तिनं स्वतःचा भिडू म्हणून काकूला घेतलं. मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसतात. म्हणजे वडील आणि काका एका पक्षात, आणि डावभर तोंडासमोर तोंड.

हा खेळ ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात येईल की तिनं किती नेमका खेळ निवडला होता. तेरा-तेरा पानं वाटायची, एक हुकूम बंद ठेवायचा. सगळी धडपड चार दश्श्यांसाठी. तीन दश्श्या आल्या की डाव तुमचा, चारही आल्या की मेंढीकोट. दश्शी स्वतः दुबळी, तिला एक्का, राजा, राणी, गुलाम कुणीही खातो. ती आपल्या भिडूच्या भरवशावरच टाकायची असते. आणि भिडूंनी आपसांत बोलायचं नाही, खूण करायची नाही, हा नियम. जे दोघे तसेही महिनोन्‌महिने बोलत नव्हते, त्यांना न बोलता एका बाजूनं लढायला बसवणारा असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

तिसऱ्या की चौथ्या डावात आत्यानं किलवरची उतारी केली. एक्का अजून बाहेर यायचा होता, तो कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. काकांची पाळी दुसरी. त्यांच्याकडे लहान पानं होती, आम्ही पोरं मागून पाहत होतो. त्यांनी सरळ किलवरची दश्शी टाकली. काकूनं आनंदानं राजा मारला. वडिलांची पाळी शेवटची. त्यांनी एक्का ठेवला आणि हात ओढला. मग पत्ते खाली ठेवून काकांकडे पाहिलं.

"तुला कसं कळलं?"

"तू चष्मा पुसलास. एक्का आला की पुसतोस."

आत्या नुसती, "दादा, खेळ ना, रात्र जाऊन राहिली," म्हणाली.

वाटणी टळली नाही. कागद झाले, भिंतही आली. पण भिंतीला मधोमध दार ठेवायचं दोघांनी ठरवलं, आणि वडील असेपर्यंत त्या दाराला कडी लागलेली मी पाहिली नाही. पुढे मोठी झाल्यावर मी आत्याला विचारलं, हे तू ठरवून केलंस का? तिनं साधं उत्तर दिलं, "खेळायला चौघं हवे होते. घरात असून बसत नव्हते."

आता ते घरही नाही. भावंडं पुणे, बंगळूर, एक न्यू जर्सीत. आत्या जाऊनही बरीच वर्षं झाली. तिच्या शेवटच्या आजारात मी कॅट घेऊन नाशिकला गेले होते. तिला पानं धरवत नव्हती, तरी नातसुनेच्या मागे बसून ती कोणतं टाकायचं ते बोटानं दाखवत होती. तेव्हापासून तो कॅट माझ्याकडे आहे आणि मी प्रवासाला निघाले की पिशवीत असतो. आमचा फोनवरचा कुटुंबगट चांगला चालतो. वाढदिवस चुकत नाहीत, दिवाळीला फराळाचे फोटो येतात. मला तो आवडतो, पण त्यावर कुणाला दश्शी टाकावी लागत नाही. न पटलं तर माणूस गप्प बसतो आणि ते गप्प बसणं कुणाच्या लक्षातही येत नाही. सतरंजीवर तसं चालत नाही. समोरचा पानं हातात धरून तुमची वाट पाहत असतो.

2018 च्या डिसेंबरात पातालपाणी ते कालाकुंड अशी जुन्या रुळांवरची सफरीची गाडी सुरू झाली. पुढच्या पावसाळ्यात मी सगळ्यांना बोलावलं. पुण्याची मुलं आली, नाशिकची आली, बंगळूरहून चुलतभाऊ सहकुटुंब आला. धबधबा त्या दिवशी भरून वाहत होता. कालाकुंडला पानातला कलाकंद घेतला. मुलं एकमेकांना इंग्रजीत नावं विचारत होती. संध्याकाळी घरी मी कॅट काढला आणि दोघा अनोळखी चुलत भावंडांना समोरासमोर बसवलं. कागदी सत्ती पाहून सगळे हसले, आणि तिच्यामुळे माझ्या वडिलांची गोष्ट निघाली. रात्री दोन वाजता मी झोपायला गेले तेव्हा डाव चालूच होता. त्यातली दोघं आता आपापसांत भेटतात, मला न विचारता. मला याहून जास्त काही नको होतं.

आपल्याकडे कुटुंब टिकवण्याचं श्रेय सोसणाऱ्यांना आणि कमावणाऱ्यांना मिळतं. हसवत येणाऱ्या, वेळ मोडणाऱ्या, रात्री बायकांना बाजारात नेणाऱ्या माणसाला ते कुणी देत नाही. माझ्या मते आमच्या तीन पिढ्यांत सर्वांत मोठं काम आत्यानं केलं. तुमच्याही घराण्यात असं एखादं माणूस असेल, कुणाचा मामा, कुणाची मावशी. त्यांचं वय झालं असेल, प्रवास होत नसेल, तर या सुट्टीत तुम्ही त्यांच्याकडे जा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा एका भावाला किंवा बहिणीला सोबत न्या, आणि जाताना पत्ते घ्यायला विसरू नका.