पाण्याची वाट

घर गळू लागलं तर शेजारीपाजारी हळहळतात. जुनी मोटार गळू लागली तर मात्र जो तो हसतो आणि एकच सल्ला देतो, "विकून टाका!" गेले दोन पावसाळे हा सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकला, की पाऊस आणि सल्ला यांपैकी अधिक मुसळधार काय, हे सांगणं मला कठीण आहे.

आमची मोटार १९७६ सालची, प्रीमियर पद्मिनी. मूळची फियाट, पण कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, म्हणजे पक्की इथलीच. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. बाबांनी ती पाहिली आणि मग चार दशकं ती मोटार जिवापाड सांभाळली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्यापिवळ्या बहिणींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमचा निरोप घेतला. आमची मात्र पुण्यातल्या आमच्या गल्लीत अजून ठाण मांडून आहे.

पावसाळ्यात मोटार चालवताना बाबा उजव्या खांद्यावर पंचा टाकून बसत. आम्ही भावंडं मागच्या सीटवरून खुसखुसत असू, "बाबा पंगतीला बसलेत!" बाबा काही बोलत नसत. त्यांच्या डाव्या हाताला आई बसे आणि तीही काही बोलत नसे.

बाबा गेले आणि मोटार माझ्याकडे आली. पहिल्याच पावसात पुढच्या काचेच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून माझ्या बाहीवर टपटप सुरू झाली. मी बाजारातून सिलिकॉनची एक नळी आणली आणि तो कोपरा आतून सढळ हातानं लिंपून टाकला. गळती थांबली! स्वतःच्या हातानं केलेल्या दुरुस्तीचा आनंद काही निराळाच असतो. आठवडाभर मी भेटेल त्याला तो कोपरा दाखवत होतो.

पुढच्या जुलैत आईला घेऊन साताऱ्याला एका डोहाळजेवणाला निघालो. खंबाटकीचा घाट येईपर्यंत आईच्या पायांशी तळं साचलं होतं. नव्या साडीचा काठ घोट्यापर्यंत भिजला. आई रागावली नाही. तिनं पाय वर घेतले आणि एवढंच म्हणाली, "ह्यांच्या वेळी कधी गळली नाही हो गाडी."

तेवढं एक वाक्य मला पुरलं. त्यानंतर आई देवळात जायचं झालं तरी रिक्षा करू लागली. "तुला कशाला त्रास?" असं म्हणे. मी हट्टाला पेटलो. पाणी डावीकडे येत होतं, म्हणून डाव्या दाराचं रबर बदललं. वायपरच्या दांड्यांखालचे वॉशर बदलले. तरी पाय भिजायचे ते भिजतच होते. त्यातच काचेभोवतीची चकचकीत बीडिंग एका टोकाला सुटली आणि जरा वेग घेतला की शीळ घालू लागली. मोटारीनंही माझी टिंगल चालवली होती!

शेवटी नाना पेठेत गेलो. तिथं काचा बसवणारे एक वयस्क चाचा आहेत. मी त्यांना डावी बाजू दाखवू लागलो. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, पाणी जिथं दिसतं तिथूनच शिरतं असं नाही. आधी त्याची वाट शोधायची."

वाट शोधण्याची त्यांची रीत मोठी शांत होती. आधी आतला भाग फडक्यानं कोरडा केला. मग काचेच्या कडेनं आणि खाली पत्र्यावर पावडर भुरभुरली, आपली अंगाला लावायची साधी पावडर. मला बॅटरी देऊन आत बसवलं आणि त्यांचा पोरगा बाहेरून पाण्याची बारीक धार सोडू लागला. तीही खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि चोर सापडत नाही. खालची कड झाली, डावी बाजू झाली, पावडर कोरडीच. धार उजव्या वरच्या कोपऱ्यावर आली. तिथंही आत काही नाही. मी मनात खूश झालो. पण दोन-तीन मिनिटांनी डावीकडे, आईच्या जागी, पावडरीत एक काळी रेघ उमटली आणि एक थेंब खाली पडला.

"हा कोपरा कुणी फासला?" चाचांनी विचारलं. मी बॅटरी विझवली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. काचेच्या रबराला दोन खोबणी असतात. एकीत काच बसते, दुसरी पत्र्याच्या कडेला धरून ठेवते. बीडिंग वरून रबराला आवळते. वर्षानुवर्षांच्या उन्हानं रबर कडक होतं, आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. पाणी बाहेरून शिरतच होतं. मी फक्त त्याचा आतला दरवाजा बंद केला होता. बिचारं पाणी खोबणीतूनच खाली उतरलं, काचेच्या तळाशी आडवं वाहिलं आणि डाव्या कोपऱ्यातून बाहेर पडलं. आमच्या गल्लीचा उतार डावीकडे आणि रस्त्याच्या डाव्या अंगानं चालणारी गाडीही थोडी डावीकडेच कललेली. माझ्या खांद्यावरचं पाणी मीच आईच्या पायांवर सोडलं होतं!

काच उतरवली तेव्हा पत्र्याची कड गंजलेली निघाली. माझं सिलिकॉन खरवडण्यात चाचांचा अर्धा दिवस गेला आणि माझी मान खालीच राहिली. गंज घासून रेड ऑक्साइड, वर रंग. मग नवं रबर काचेवर चढवलं, त्याच्या दुसऱ्या खोबणीत सुतळी भरली, साबणाचं पाणी लावलं आणि काच बाहेरून जागेवर टेकवली. पोरगा बाहेरून तळव्यानं दाबत होता आणि चाचा आतून सुतळी हलके हलके ओढत होते. सुतळी निघेल तसतसा रबराचा ओठ पत्र्यावर अलगद चढत गेला. कधीही न वाळणारा मऊ मसाला खोबणीत भरला आणि शेवटी बीडिंग बसली.

घरी येऊन आईला सगळं सांगून टाकलं. "आई, ते पाणी माझ्या बाजूचं होतं. मीच तुझ्याकडे ढकललं."

आई दसऱ्यासाठी झेंडूची माळ ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "ती बाजू गळते हे ठाऊक होतं मला. नाहीतर ते पंचा कशाला घेत होते?"

"मग त्यांच्या वेळी कधी गळली नाही, असं का म्हणालीस?"

"माझ्यावर नाही गळली," आई म्हणाली.

दसऱ्याला मोटारीची पूजा झाली. आई आपण होऊन डावीकडे जाऊन बसली आणि म्हणाली, "सोड पाणी." मी पाइप घेऊन काचेवर भरपूर पाणी सोडलं. आईनं पायांशी हात फिरवून पाहिला. कोरडं होतं. मग हातातल्या पिशवीतून तिनं बाबांचा जुना पंचा काढला आणि माझ्या सीटच्या पाठीवर घडी घालून ठेवला.

"आता गळत नाही ग," मी म्हणालो.

"असू दे," आई म्हणाली, "गाडी जुनी आहे."