पवनाकाठची थंडी आणि दुचाकी

डिसेंबर उजाडला की थेरगावची पहाट नदीच्या बाजूने ओळखू येते. केजुदेवी मंदिराजवळच्या बंधाऱ्याने अडवलेले पवनेचे पाणी संथ पसरलेले असते आणि रात्रभर निवत गेलेली जड हवा त्या खोलगट पात्रात उतरून बसते. बोट क्लबच्या काठावर उभे राहिले, तर पलीकडचे चिंचवड दिसत नाही. त्याच वेळी वर डांगे चौकात हवा बऱ्यापैकी स्वच्छ असते. दुचाकीवरून नदीकडे उतरणाऱ्या माणसाला हा बदल एकाएकी लागतो: चष्म्यावर ओलसर पडदा येतो, गालाला गार हवा झोंबते आणि पुढच्या गाडीचा लाल दिवा अंधुक होतो.

या वेळी रस्त्यावर कोण असते? पहिल्या पाळीसाठी चाकणकडे निघालेला कामगार असतो, हिंजवडीची वाट धरलेली तरुण मुले असतात आणि त्यांच्यामधून जपून वाट काढणारे आपले ज्येष्ठही असतात. मार्गशीर्षात चिंचवडला मोरया गोसावींचा समाधी सोहळा असतो. पूल ओलांडून पहाटेच्या पूजेला जाण्याचा अनेक घरांचा नेम आहे. कुणी उपाशीपोटी रक्त द्यायला निघालेले असते, आजीला मागे बसवून आजोबा स्वतःच गाडी चालवतात. साठी-सत्तरीतली ही माणसे तीस-चाळीस वर्षे दुचाकी चालवत आली आहेत. थंडीबद्दल त्यांना काही सांगू गेले, तर उत्तर ठरलेले असते: आपल्याकडे काय बर्फ पडतो का?

बर्फ पडत नाही, हे खरे. पुण्यातील तापमानाचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस आहे आणि तो १७ जानेवारी १९३५ या दिवसाचा. बर्फाचे दर्शन घ्यायचे तर महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात जावे; तेथे कडाक्याच्या थंडीत गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दवबिंदू गोठतात. गवताचे पाते आपली उष्णता झपाट्याने गमावते. डांबराने दिवसभराचे ऊन साठवलेले असते, म्हणून तेथेही रस्ता सहसा गोठत नाही.

थेरगावात घसरण होते ती निराळ्या कारणाने. पावसाळ्यात मोठ्या सरी रस्ता धुऊन काढतात. हिवाळ्यातले दव तेवढे नसते. ते धूळ, सिग्नलपाशी ठिबकलेले तेल आणि काँक्रीटच्या गाड्यांतून सांडलेला गाळ यांना नुसते भिजवते. त्याचा पातळ, चिकट लेप होतो. पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणांवर आणि पाण्याचा टँकर गळत गेलेल्या वळणांवर तो सर्वांत घातक असतो. अशा जागी ब्रेक दाबायचा नाही आणि गाडी कलतीही करायची नाही. वेग आधीच कमी करून, हँडल सरळ ठेवून पार व्हायचे. जुन्या स्कूटर वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी किंवा चाक अडकू न देणारी यंत्रणा नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ती नाही, आणि ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर चाक जागच्या जागी अडकते.

पण रस्त्यापेक्षा मला काळजी वाटते ती हातांची. हवा १० अंशांवर असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या कातडीला ती साधारण ६ अंशांसारखी लागते. शरीर आतली ऊब राखण्यासाठी बोटांचा रक्तपुरवठा आखडते. बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात, आणि दुखणे थांबले म्हणून माणसाला बरे वाटते. धोका नेमका तेथेच आहे, कारण ब्रेकवर किती जोर पडतो आहे ते आता कळेनासे झालेले असते. संधिवाताची बोटे सकाळी मुळातच ताठलेली असतात. जुन्या मधुमेहात हातापायांची संवेदना मंदावते. आखडलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाबही चढतो. त्यातच आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली असेल, तर तिची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. लोकरी हातमोजे वाऱ्यापुढे टिकत नाहीत; वारा अडवणारे, पण ब्रेकवर बोटे नीट वळू देणारे मोजे घ्यावेत. छातीशी, जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुनी युक्ती आजही उत्तम काम देते.

मागे बसणाऱ्यांची कथा वेगळी. चालवणारा निदान वळण पाहून सावरतो. मागची आजी गारठून आखडलेली असते आणि धक्क्याला तिचे शरीर उशिरा साथ देते. शालीचे किंवा साडीचे टोक चाकात जाऊ नये म्हणून ते खोचून, वरून जाकीट घालावे. हेल्मेट मागच्यालाही कायद्याने बंधनकारक आहे. त्याखाली जाड कानटोपी घातली तर ते डोक्यावर डळमळते. पातळ सुती टोपी पुरते. काच किंचित उघडी ठेवली की श्वासाची वाफ साचत नाही. धुके विरल्यावरही एक अडचण उरते: चिंचवडकडे जाताना नुकता उगवलेला सूर्य समोर येतो आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना त्या झळाळीत काही दिसत नाही.

रक्ततपासणीसाठी तर पहाटेची घाई नकोच. रात्री नऊला जेवण झाले, तर सकाळी साडेनऊचा नमुनाही उपाशीपोटीचाच असतो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. अनेक प्रयोगशाळा घरी माणूस पाठवतात. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन त्या सकाळी कधी घ्यायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. औषध घेऊन उपाशीपोटी गाडीवर बसणे टाळावे.

नातवंडे दुचाकीने लडाख-लाहौलकडे निघतात, तेव्हा खऱ्या बर्फाची गाठ पडते. दिवसा वितळलेले पाणी रस्त्यावर वाहते आणि सूर्य ढळल्यावर गोठते. तो थर इतका पारदर्शक असतो की खालचे काळे डांबरच दिसते. सावलीतली वळणे आणि पूल आधी गोठतात. निघण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे: दुपारी कितीला मुक्कामी पोचणार?

घरातल्या ज्येष्ठांना गाडी सोडायला सांगणे हे मुलांसाठी फार अवघड काम असते. भाजी, बँक, देऊळ, मित्र, सगळे त्या किल्लीला बांधलेले असते. ती एकदम काढून घेण्यापेक्षा हिवाळ्यापुरती वेळ बदलून पाहावी. साडेनऊनंतर पवनेवरचे धुके बहुधा उतरलेले असते आणि रस्ताही सुकतो. पंचावन्न ओलांडलेल्यांचा परवाना पाच वर्षांपुरताच मिळतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. त्या भेटीत नजरेबरोबर हातांची पकडही तपासून घ्यावी. घरी रोजची तपासणी तर सोपीच आहे: सकाळी शर्टाची बटणे स्वतःच्या बोटांनी, न अडखळता लागतात का, ते पाहायचे. लागत नसतील तर किल्ली खुंटीवर राहू द्यावी आणि कपभर गरम चहा घेऊन, बोटे शेकून तासाभराने पुन्हा पाहावे.