घर उतरवण्याआधी

स्टुटगार्ट,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय दादा,

तुझा निरोप वाचला. दिवाळी झाली की आळे गावातलं जुनं घर उतरवायचं, त्याच जागी स्लॅबचं बांधायचं, आणि नकाशा मी काढून पाठवायचा. नकाशा मी काढीन, मनापासून काढीन. घर पाडू नका असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात मागच्या खोलीत रात्रभर भांडी मांडून आई कशी जागते ते मी पाहिलं आहे, आणि मधल्या तुळईला वाळवी लागली आहे हेही मला माहीत आहे. पण पहिली पहार बसण्याआधी एक काम तुला करावं लागेल. ते का, हे फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहिते आहे.

मागच्या हिवाळ्यात तुझ्याकडून मी कांद्याच्या बराकीची मापं मागवली होती. आम्हाला स्टुडिओत काम दिलं होतं: आपापल्या मुलखातली, कुणा आर्किटेक्टने न काढलेली एक इमारत मोजून, काढून आणा. मी बराक काढली. ज्युरीच्या दिवशी प्राध्यापकबाई माझ्या भिंतीसमोर थांबल्या आणि विचारू लागल्या. रुंदी एवढीच का? मी तुझंच उत्तर दिलं: कांद्याचा थर चार फुटांपेक्षा रुंद झाला की मधल्या कांद्याला वारा लागत नाही, तो घामेजतो आणि सडतो. जमिनीपासून वर का उचलली? खालूनही वारा खेळावा म्हणून. पट्ट्यांमधली फट किती? तू फीत लावून काढलेला फोटो मी पुढे केला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तिथे शिकतेस तरी काय, असं तू विचारतोस ना, तर मुख्यतः हे. प्रत्येक रेघेला कारण मागतात, आणि ‘असंच असतं’ हे उत्तर चालत नाही. पुण्यात पाच वर्षं मी कष्टाने शीटं काढली, पार्थेनॉनचे खांब मला पाठ होते. पण आपल्या सोप्याच्या खांबाचा घेर किती, हे मला कधी कुणी विचारलं नाही.

इथे शहराच्या उत्तरेला टेकडीवर वाइसनहोफ नावाची वसाहत आहे. १९२७ साली मीस व्हॅन डेर रोहच्या देखरेखीखाली १७ आर्किटेक्टांनी तिथे २१ इमारती बांधल्या, उद्याचं घर कसं असावं ते लोकांना दाखवायला. त्यातलं ल कार्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानेरे यांचं जोडघर आता संग्रहालय आहे. ल कार्बुझिएचंच चंदीगडचं कॅपिटॉल आणि हे घर २०१६ मध्ये एकाच वेळी जागतिक वारशाच्या यादीत गेली. आम्हाला तिथे मोजायला नेलं होतं. दिवसा तिथे एकच लांब दालन असतं. रात्री सरकत्या भिंती ओढायच्या, कपाटाखाली सारलेले पलंग बाहेर काढायचे, की त्याच दालनाच्या झोपायच्या खोल्या होतात. बाजूची वाट रेल्वेच्या डब्यातल्यासारखी अरुंद. बाकीची मुलं पलंग सारून बघत होती आणि मला आपलं माजघर दिसत होतं. सकाळी आजी वळकट्या उचलून फडताळावर रचायची, तिथेच दुपारी धान्य निवडणं चालायचं, तिथेच पंगत बसायची, आणि रात्री पुन्हा अंथरुणं पडायची.

‘आमच्याकडे हे आधीपासूनच होतं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते मला पटत नाही. त्या वसाहतीतली दहा घरं युद्धात आणि त्यानंतर गेली. जी राहिली त्यांतही लोकांनी इतके फेरफार केले होते की मूळ रूप ओळखू येत नव्हतं. तरी त्या जोडघराची एक बाजू आज १९२७ सारखी उभी करता आली, कारण नकाशे, फोटो, लिखाण सगळं जपलेलं होतं. आजीच्या माजघराचं आपल्याकडे काय आहे? लग्नाच्या फोटोत मागे दिसणारा एक खांब.

याउलट आपल्या जुन्नरची लेणी बघ. तालुक्यात दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या यवनांचीही नावं आहेत. त्यांतल्या एकाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. म्हणजे पश्चिमेची माणसं आपल्याकडे आली त्याला दोन हजार वर्षं होत आली. तुळजा लेण्यातला तो गोल चैत्य, बारा अष्टकोनी खांबांचा, शाळेच्या सहलीत आपण त्याच्याभोवती नुसते पळालो होतो. पश्चिम भारतातल्या लेण्यांचे नकाशे फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० मध्ये पुस्तकात छापले. दगडाला कुणीतरी मोजणारा भेटला. माती, लाकूड आणि विटांच्या घरांना फारसा कुणी भेटला नाही, आणि ती तर दर उन्हाळ्यात जातात.

बाळकृष्ण दोशींचं नाव तू ऐकलं असशील, २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळालेले पहिले भारतीय. जन्म पुण्यातला, १९२७ चाच. मुंबईत जे.जे.ला शिकले, लंडनला गेले, आणि १९५१ मध्ये पॅरिसला ल कार्बुझिएकडे. तिथे पहिले आठ महिने बिनपगारी काम केलं. पुढे इंदूरला त्यांनी अरण्य वसाहत आखली, सुमारे साडेसहा हजार घरांची. गरिबांना जोतं, नळ-संडास आणि जेमतेम एक खोली द्यायची, बाकीचं घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं. हा माणूस पुण्यातल्या एकत्र कुटुंबात वाढला होता, हे मला इथे आल्यावर फार महत्त्वाचं वाटू लागलं. आपलं घरही तसंच वाढलं ना? पुढचे तीन खण आजोबांनी बांधले, काकांच्या लग्नाला मागची खोली, मग वर पत्रा. हे सगळं भिंतीत वाचता येतं. विटेचा आकार बदलतो, चुन्याच्या जागी सिमेंट येतं.

म्हणून सांगते, दादा, एक रविवार काढ. पन्नास फुटी फीत, वही आणि एक माणूस. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती मोज, शिवाय दोन्ही कर्ण, कारण आपली एकही खोली काटकोनात नाही आणि कर्णाशिवाय मला ती काढता येणार नाही. भिंतीची जाडी दारात मोज. उंबरा, देवळी, जिन्याच्या पायऱ्यांची उंची. बळद उघडून आतून मोज आणि त्यात किती पोती धान्य मावायचं ते आईला विचार. सोप्याचे खांब उतरवताना करवत लावू नका, खुंट्या ठोकून बाहेर काढा. साग चांगला आहे, नव्या घरात मी तो वापरणार आहे. ओटाही ठेवणार आहे. बंगल्याला ओटा शोभत नाही असं काकी म्हणतील, पण यात्रेला रेड्याच्या समाधीला आलेली माणसं दुपारी टेकणार कुठे?

मामांना सांग, इथे शहराच्या ऐन मध्यात, स्टेशनाजवळच्या चढावर द्राक्षमळे आहेत. मांडव नसतो, रांगांनी खुंटाला बांधलेले वेल, खाली चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या नारायणगावात होतात हे इथल्या एका मळेवाल्याला सांगितलं, तर तो वेल विसावा कधी घेतो म्हणून विचारत राहिला. मामांनी उत्तर दिलं तर मी त्याला पोचवीन.

पैशांचं म्हणशील तर पुढच्या सत्राची १,५०० युरो फी माझी मी भरते आहे. इथल्या एका कार्यालयात आठवड्यातले दोन दिवस काम मिळालं आहे. तू कांद्याच्या रोपांकडे बघ. आणि रात्रीची लाईट असेल तेव्हा पाणी धरायला एकटा जाऊ नकोस, उसाच्या कडेने तर मुळीच नको. बिबट्याच्या बातम्या मी इथेही रोज वाचते.

मापं वहीतच लिही, फोनवर सांगू नकोस. पानांचे फोटो पाठव. फीत धरायला तात्यांनाच घे. कुठली भिंत कोणत्या साली चढली ते त्यांच्याशिवाय आता कुणाला सांगता येणार नाही.

तुझी,
बहीण