महाराज दिसले नाहीत, पोट्टी दिसली

मागच्या जुलैत एका रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' लावला. दीड वाजला होता. बायको आणि पोरगा आत झोपलेले, मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली. सिनेमा 2009 चा. तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो आणि अमरावतीला थेटरात बघून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. सचिन खेडेकरांचा दिनकर मारुती भोसले, बँकेतला साधा माणूस, वय चाळिशीच्या पुढे सरकलेलं. बाजारात कोणी विचारत नाही, साहेब विचारत नाही, घरातही शब्दाला वजन नाही, वरून बिल्डरचा डोळा त्याच्या जुन्या घरावर. वैतागून मराठी म्हणून जन्मल्यालाच शिव्या देतो, आणि मग समोर साक्षात महाराज उभे. मांजरेकरांनी ते काम जोरात केलं होतं. थेटरात शिट्ट्या, टाळ्या. मकरंद अनासपुरे आला की लोक तो बोलायच्या आधीच हसायचे.

या वेळी हसू आलं नाही. दिनकररावाचा तो पडलेला चेहरा बघून मी चक्क रडलो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, तोंडात दुपट्ट्याचं टोक कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

कारण सांगतो. मी गटसचिव आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं. त्याचे कागद करणारा, सभासदाच्या सह्या घेणारा आणि वर्षाच्या शेवटी वसुलीला दारात उभा राहणारा तो मी. कर्ज वाटताना मी 'भाऊ' असतो, मार्चमध्ये 'तो सोसायटीवाला' होतो. 31 मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. योजनेला नाव पंजाबराव देशमुखांचं, आपल्याच जिल्ह्यातल्या पापळच्या माणसाचं. 31 मार्च हुकला की व्याज लागतं, माणूस थकबाकीत जातो आणि पुढचं कर्ज बंद. मग तो बियाण्यासाठी सावकाराकडे जातो. हे चक्र मी पंचवीस वर्षं माझ्या हाताने लिहितो आहे, निळ्या शाईत. आमचा पगारही वसुलीवरच हलतो. गेल्या वर्षी सहा महिने हललाच नाही.

त्यात जून 2025. 8 जूनला बच्चू कडू कर्जमाफीसाठी इथेच, गुरुकुंज मोझरीत उपोषणाला बसले. रस्त्यावर गाड्याच गाड्या, चॅनलवाले, मंत्री. आठवडाभर आमचं गाव टीव्हीवर. मागणी चूक होती असं मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या चार एकरांवर काय निघतं ते मला ठाऊक आहे. पण माझी गोची बघा. वरून फोन, वसुली वाढवा. खालून सभासद, "माफी होनार हाय, कायले भरू?" दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधे मी, पावती पुस्तक काखेत घेऊन. आणि घरी पोरगा म्हणतो, "बाबा, तुम्ही एवढे वर्षं नेमकं केलं काय?" त्याला पुण्याला जायचं होतं, पैसे लागत होते. तो रागाने नाही बोलला. खरंच विचारत होता, तेच जास्त लागलं.

आपल्या गावात महाराजांची वाण नाही. 1935 ला तुकडोजी महाराजांनी इथे आश्रम उभा केला तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस. 1942 ला तुरुंग, 1955 ला जपानच्या विश्वधर्म परिषदेत. म्हणजे माझ्या वयाचे व्हायच्या आत माणूस जपानला जाऊन आला. मी नागपूरला गेलो तरी पाणी बदलून सर्दी होते. रोज येता-जाता समाधीला हात जोडतो. पण हात जोडणं वेगळं आणि "तू चुकून राहिला लेका" असं महाराजांनी आपल्याला तोंडावर सांगणं वेगळं. सिनेमात मला तेच आवडतं. तिथे महाराज दिनकररावाला कुरवाळत नाहीत, झापतात. आपण महापुरुषांना बॅनरवर इतकं वर चढवून ठेवलं की त्यांचा आवाजच खाली पोचत नाही. 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी असेच एकट्या मुन्नालाच दिसायचे. मला वाटायचं, आपल्यालाही दिसावं कोणी. रात्री दीड वाजता माणूस काहीही मागतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर घरी जावंसं वाटेना. मंदिराच्या पायरीवर बसलो. बाजूला पोरापोरींचं भजनी मंडळ खंजिरीचा सराव करत होतं. मी बॅगेवर नुसतीच बोटं वाजवत होतो, डोक्यात नोटिसांची यादी. तेवढ्यात एक बारा-तेरा वर्षांची पोट्टी समोर येऊन उभी राहिली.

"काका, तुमचा ताल चुकून राह्यला. आमचाबी चुकते मंग."

मी म्हटलं, सॉरी.

"तुमी सोसायटीवाले काका ना? तुमी आमच्या घरी येता तवा बाबा मांगं गोठ्यात जाऊन बसते. अन् मले सांगाले लावते, घरी नाई म्हनून."

हे ती तक्रारीने नाही, माहिती म्हणून सांगत होती. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी. तिने खंजिरी माझ्या हातात दिली.

नाव-गाव लिहीत नाही, पोरगी लहान आहे. शिकवणं मात्र कडक. लाकडी कडं डाव्या हातात कसं धरायचं, अंगठा कुठे, चकत्या वाजल्या पाहिजेत पण खुळखुळल्या नाही पाहिजेत, उजव्या हाताची बोटं कातड्यावर कडेला पडली तर एक आवाज, मधे पडली तर दुसरा. पावसाळ्यात कातडं सैल पडलं की चुलीजवळ धरून शेकायचं. हे सगळं मी इथेच जन्मून एकोणपन्नास वर्षं फक्त ऐकत आलो होतो, हातात कधी घेतलं नव्हतं. मी चुकलो की ती मनगटावर फटका मारायची. बाकीची पोट्टी खी खी हसायची. माझ्या वयाचे दोन-चार जण पायरीवरून बघून गेले आणि चौकात चर्चा झाली की सचिवसाहेबाचा पगार थकला, आता भजनाच्या बिदागीवर आहे. म्हणू दे. दिवसभरात तो एकच तास असा होता की मला कोणाकडून काही वसूल करायचं नव्हतं.

ऑगस्टमध्ये नोटिसा निघाल्या. सहकार कायद्याच्या 101 कलमाखाली पुढची कारवाई करण्याआधी सोसायटीकडून जाते ती मागणी नोटीस. छापील नमुना, खाली सचिव म्हणून माझी सही. एकशे चाळीस सह्या मी एका दुपारी केल्या, नावं न वाचता. वाचली असती तर झाल्या नसत्या, हे माझं मला माहीत.

तीन-चार दिवसांनी सराव संपल्यावर पोट्टीने दप्तरातून घडी केलेला कागद काढला. "काका, बाबा म्हनते वाचून दाखव. मले समजत नाई. तुमी वाचा."

माझीच नोटीस. माझीच सही.

वाचली. मुद्दल, व्याज, 'सदर थकबाकीची रक्कम', 'कसूर केल्यास', 'जंगम व स्थावर मालमत्तेवर', 'होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल'. ती ऐकत होती, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. शेवटी म्हणाली, "म्हंजे काय?"

मी साध्या शब्दांत सांगितलं. एवढे पैसे घेतले, एवढे परत द्यायचे राहिले. नाही दिले तर केस होऊ शकते. पण उद्याच घर-वावर नेत नाही कोणी. आधी ऑफिसात येऊन बोलता येतं, हप्ते मागता येतात, नवंजुनं होतं का ते बघता येतं.

"मंग असंच लिहाव ना," ती म्हणाली. "हे वाचून बाबा जेवला नाई काल."

सिनेमात अशा वेळी मागे ढोल वाजतो. इथे फक्त टिपूर पडत होतं आणि मी खंजिरी उलटी धरून बसलो होतो. दिनकररावाला महाराजांनी तलवारीचं तेज दिलं. मला सातवीतल्या पोरीने मसुदा लिहायला लावला. त्या रात्री मी एका पानावर मोठ्या अक्षरात तेच लिहिलं, जे तिला बोललो होतो. शेवटी माझा मोबाईल नंबर आणि 'घाबरू नका, पण लपूही नका'. झेरॉक्स काढल्या स्वतःच्या पैशाने आणि नोटीस गेली त्या प्रत्येक घरी नेऊन दिल्या. नोटीस मागे घेतली नाही. ते माझ्या हातात नाही, आणि असतं तरी कदाचित घेतली नसती. ज्यांनी पोटाला चिमटा काढून 31 मार्चला भरले त्यांना मी काय तोंड दाखवू? ऑफिसातल्या एकाने विचारलं, हे पान कोणाच्या परवानगीने वाटलं. मी म्हटलं, झेरॉक्सची पावती आहे माझ्याकडे. तो विषय तिथेच राहिला.

सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन पाण्यात होतं. शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले होते. एका संध्याकाळी पायरीवर पोट्टीचा बाप येऊन बसला. मी त्याला पंधरा वर्षांपासून ओळखतो, पण गेली दोन वर्षं त्याची फक्त पाठ बघितली होती.

बराच वेळ पोरीचा ठेका ऐकत बसला. मग म्हणाला, "साहेब, पोट्टी सांगते तुमाले बम मारते थे. तरी रोज येता."

"येतो."

"तुमचा कागद समजला. म्हनून आलो." मग हळूहळू निघालं. सोसायटीचे एक लाख वीस हजार हे त्यातलं सगळ्यात लहान दुखणं होतं. कृषी केंद्राची उधारी, बायकोच्या बचतगटाचं, एका खाजगी माणसाचं. आणि मग, रस्त्याकडे बघत: "घरी फवारनीचा डब्बा होता. म्या तो परवा भावाच्या घरी नेऊन ठेवला. घरात नको म्हटलं."

मी काही बोललो नाही. बोलता आलं नाही. पंचवीस वर्षांत मी कर्जाबद्दल माणसांशी बोललो. डब्ब्याबद्दल कधी नाही, आणि आपल्या भागात डब्बा हा काय विषय आहे हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही साडेनऊपर्यंत बसलो. मग मी माझ्या रात्री दीडची गोष्ट सांगितली, दुपट्ट्याची. तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी कायले रडता साहेब? तुमाले तं पगार हाय." सहा महिने नाही म्हटल्यावर हसला. दोघंही हसलो. पोट्टी ओरडली, "बाबा, गोंगाट नका करू."

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन तलाठ्याकडे गेलो, पंचनाम्यात नाव आहे का बघायला. नव्हतं, घालून घेतलं. त्याच्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं की डब्बा परत देऊ नको आणि याला एकट्याला वावरात झोपू देऊ नको. एवढंच केलं. 7 ऑक्टोबरला सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, वसुलीला स्थगिती आली, माझी एकशे चाळीस नोटिसांची फाईल कपाटात गेली. आश्विन वद्य पंचमीला संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, गुरुकुंजात सगळे मौन उभे राहतात. लाखो माणसं आणि पाखराचा आवाज ऐकू येतो. या वेळी मी, तो आणि ती एका रांगेत होतो. मी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, तर तो माझ्याकडे बघत होता.

मग 30 ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेऊ. आणि दुसऱ्याच दिवशी, 31 ला, मांजरेकरांचा 'पुन्हा शिवाजीराजे भोसले' लागला. या वेळी विषय शेतकरी आत्महत्येचा, महाराज झाला सिद्धार्थ बोडके. पोराने तिकिटं काढली होती. मी ऐन वेळी गेलो नाही. वाईट असेल म्हणून नाही. पडद्यावरचा डब्बा बघायची माझी अजून तयारी नाही. पहिला मात्र पुन्हा बघितला, पोरासोबत, दिवसाउजेडी. तो हसला तिथे मीही हसलो. मधेच त्याने विचारलं, "तुम्ही खरंच खंजिरी शिकता का? चौकात सांगत होते." मी वाजवून दाखवली. त्याने मोबाईलवर रेकॉर्ड केली, पण कुठे टाकली नाही, एवढी दया दाखवली.

आता हरभरा घाट्यावर आला आहे. माझे दोन पगार झाले, चार बाकी. परवा पोट्टीने विचारलं, "काका, जूनमंदी माफी झाली तं तुमी आमच्या घरी येनार का नाई मंग?"

मी विचारलं, आणि नाही झाली तर?

तिने जरा विचार केला. "तरी या. पर आवाज देऊन या, बाबाले गोठ्यातून याले टाइम लागते." आणि मनगटावर फटका मारला, कारण बोलता बोलता माझा ठेका परत सुटला होता.