भिजत घोंगडं

मध्यमवर्गात धंद्यांची एक उतरंड असते. वर डॉक्टर, खाली इंजिनिअर, त्याखाली पगार, पंखा आणि पेन्शन या तीन पकारांच्या आधारावर आम्ही बँकवाले. तळाच्या मडक्यात काय आहे, ते सहसा कुणी वाकून बघत नाही. आमच्या भाच्याने नेमका त्याच मडक्यात हात घातला. "मी धुण्याचा धंदा करणार," असं त्याने जाहीर केलं.

भाचा बी. कॉम. आहे. बी. कॉम. हा आमच्या घराण्यातला आनुवंशिक विकार. मीही त्यातूनच बँकेत आलो. भाच्यानेही बँकेच्या परीक्षा देत राहाव्यात असं बहीण-मेहुण्यांचं मत. त्याला मात्र दुचाक्या, सोसायट्यांची पार्किंगं आणि दुकानांच्या पायऱ्या प्रेशरच्या यंत्राने धुऊन द्यायच्या होत्या. "आधी स्वतःचा डबा धूत जा," एवढं बोलून मेहुण्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि पोराला समजवायची कामगिरी माझ्याकडे आली. मामा बँकेत, म्हणजे त्याला पैशातलं कळतं, हा एक गोड गैरसमज. शिवाय मराठीत 'काका बनवणे' असा वाक्प्रचार नाही, 'मामा बनवणे' असाच आहे, हेही लक्षात घ्या.

समजवायचं तर आधी समजून घ्यायला हवं. म्हणून मी भाच्याबरोबर बोहरी आळीत गेलो. तिथल्या एका दुकानदाराने पहिल्याच वाक्यात, "मशीन एकशेवीस बारचं घ्या," असं सांगितलं. हे घरी सांगितलं तेव्हा मेहुण्यांनी पेपर खाली केला. महिन्याभरात प्रथमच! बार म्हणजे दाबाचं माप आहे हे पटवायला मला सिंहगडावर जावं लागलं, अर्थात तोंडी. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. चौथ्या मजल्यावरच्या टाकीतून खालच्या नळाला येतो तो जेमतेम दीड बार. सिंहगडाचा माथा पुण्यापेक्षा साडेसातशे मीटर उंच. तिथून पुण्यापर्यंत नळ टाकून पाण्याने गच्च भरला, तर खालच्या तोंडाशी दाब येईल पंचाहत्तर बार. आणि पोराचं हे यंत्र दोन चाकांवर बसून एकशेवीस देतं! "मग गड कशाला चढायचा?" असं मेहुणे म्हणाले. पण ते ऐकत होते.

यंत्राला पाच तोंडं येतात. दुकानदार त्यांना नोझल म्हणतो. लाल म्हणजे शून्य अंशाची, सुईसारखी धार. पिवळं पंधरा अंश, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस आणि काळं फक्त साबणासाठी, कमी दाबाचं. नवशिक्याचा हात हमखास लालकडे जातो. लाल तोंड जवळून धरलं तर गाडीचा रंग सोलून निघतो. अंगावर घेतलं तर पाणी कातडीच्या आत शिरतं. वरून टाचणीएवढं दिसतं, पण तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. आमच्या बँकेतही लाल तोंडाचे एक-दोन साहेब होऊन गेले. त्यांच्यामुळे काम कधी स्वच्छ झालं नाही, माणसं तेवढी सोलून निघाली.

खरी विद्या साबणात आहे. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे; सासर-माहेर दोन्ही सांभाळणाऱ्या शहाण्या मुलीसारखं. तेल-ग्रीसला क्षारवाला साबण लागतो, बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांना आम्ल, आणि गाडीच्या रंगाला यातलं काहीच नाही, मधला, सात पीएचचा शाम्पू. पीएचमध्ये एक घर सरकलं की जोर दहापट बदलतो. (असं व्याज आमच्या बँकेने दिलं असतं तर रांग अलका टॉकीजपर्यंत गेली असती.) शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड, तिच्यावर अ‍ॅसिड ओतलं की डाग जातो आणि त्याबरोबर थोडी फरशीही जाते. आणि अ‍ॅसिड नि ब्लीच एकत्र कधीच करायचं नाही. विषारी क्लोरीन निघतो. काही माणसं एका खोलीत ठेवू नयेत, तसंच.

पण दुकानदाराने सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगितली. साबण खालून वर लावायचा, म्हणजे कोरड्या भागावर ओघळ उतरत नाहीत. पाणी मारायचं वरून खाली. आणि मधली पाच-दहा मिनिटं काही करायचं नाही. उन्हात वाळू द्यायचा नाही, पण भिजू द्यायचं. हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली स्वच्छतेचं एक वर्तुळ मांडलं. त्याचे चार वाटेकरी: रसायन, उष्णता, जोर आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला की बाकीच्यांनी तो भरून काढायचा. हे वाचून मी चमकलो. चार भागीदारांची ही फर्म होती, आणि आमच्या घरात सगळं भांडवल एकट्या जोराने घातलं होतं!

यंत्राचं आणखी एक सांगतो. घोडा सोडला की पाणी बाहेर पडत नाही, पंपातल्या पंपात फिरत राहतं. फार वेळ फिरलं की तापतं आणि पंप खराब होतो. दोन वर्षं त्या घरात बाप-लेकात हेच चाललं होतं. पोरगा रात्री उशिरा येई, ताट झाकून ठेवलेलं असे, आणि बोलणं होई ते बहिणीमार्फत.

शेवटी मी मुद्रा कर्जाचा अर्ज भरून दिला. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज 'शिशु' गटात मोडतं. सव्वीस वर्षांचा मिशीवाला शिशू! पण यंत्र, पाइप आणि साबण मिळून आकडा पन्नास हजारांच्या वर गेला, आणि भाचा एका रात्रीत 'किशोर' झाला. आई-बापांना जे सव्वीस वर्षांत दिसलं नाही ते सरकारला एका कोटेशनात दिसलं.

पुणेकराला स्वच्छता विकता येत नाही, बचत विकता येते. भाच्याने पाटी लावली, "एका मिनिटात फक्त आठ लिटर." खडकवासल्याची पातळी तोंडपाठ असलेली मंडळी घड्याळ लावून बघायला आली आणि गाड्या देऊन गेली.

परवा मेहुणे आपली जुनी चेतक ढकलत तिथे आले. चालू होत होती, तरी ढकलत. भाच्याने काही न बोलता इंजिनावर साबण मारला आणि पाइप खाली ठेवला.

"अरे, मार की पाणी!" मेहुणे म्हणाले.

"थांबा बाबा, भिजू द्या."

दोघं पायरीवर बसले. काळा फेस हळूहळू ओघळत होता. पाचेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग मेहुण्यांनी विचारलं, "एका गाडीचे किती घेतोस रे?"

बहिणीला मध्ये न घालता विचारलेला तो पहिला प्रश्न होता. भाच्याने आकडा सांगितला. मेहुण्यांनी खिशात हात घातला, आणि तो आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे, सुटे नाहीत म्हणून रिकामाच बाहेर काढला.