पगार जुळवण्यापुरता

आमच्या घरी पहाटे उठण्याचा परिपाठ वडिलांच्या मागे बंद पडला होता. तो आमच्या पुतण्याने पुन्हा सुरू केला. मात्र तो उठतो तो संध्येसाठी नव्हे, की व्यायामासाठीही नव्हे. अमेरिकेची रात्र ती आपली सकाळ. त्यामुळे तिकडच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचे सामने आपल्याकडे भल्या पहाटे सुरू होतात, आणि चिरंजीव पांघरुणासकट पडद्यापुढे येऊन बसतात. इथवर आमची काही तक्रार नव्हती. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने फळांच्या टोपल्या अडकवून काढलेला हा खेळ पाहावयास खरोखरच देखणा आहे. पण अलीकडे हा मुलगा सामना पाहण्यापेक्षा वहीत काहीतरी लिहिण्यातच अधिक रमलेला दिसू लागला. त्याचे वय लक्षात घेता आम्हाला प्रथम शंका आली ती कवितेची. म्हणून एके दिवशी चहा पिता पिता आम्ही ती वही मागून घेतली.

वहीत कविता नव्हती. पानावर चार रकाने होते, त्यांच्या माथ्यावर चार संघांची नावे, आणि एका रकान्यातून दुसऱ्यात जाणारे बाणच बाण. तळाशी ‘प्रत्येक संघास होणारा लाभ’ असे ठळक शीर्षक देऊन चार कलमे लिहिली होती. चार संघांनी आपापले खेळाडू एकाच वेळी एकमेकांना देऊन टाकावेत, असा तो प्रस्ताव होता.

या प्रकाराला तिकडे ‘ट्रेड’ म्हणतात. आम्ही अज्ञान प्रकट करताच पुतण्याने जो पाठ दिला त्याचे सार असे. या संस्थेत तीस संघ आहेत. एका संघाशी करार केलेला खेळाडू तो संघ दुसऱ्या संघास देऊ शकतो, आणि काही थोड्या मानकऱ्यांचा अपवाद सोडला तर त्यासाठी खेळाडूची संमती लागत नाही. पण देवघेव मनास येईल तशी करता येत नाही. संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा घातलेली आहे. २०२५-२६ च्या हंगामात ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. ती ओलांडलेल्या संघाने जेवढ्या पगाराचे खेळाडू बाहेर पाठवावेत, साधारण तेवढ्याच पगाराचे आत घ्यावेत, असा दंडक आहे. २०२३ च्या करारापासून तर सर्वांत खर्चिक संघांना दोन लहान पगारांची मोट बांधून एक मोठा पगार आणण्याचीही बंदी झाली.

“मग दोघांनीच का नाही उरकत?” आम्ही विचारले.

“काका, तुम्हाला गहू हवा आहे नि तुमच्याजवळ तांदूळ आहे. पण गहूवाल्याला तांदूळ नको, डाळ हवी. मग डाळवाला शोधायला नको का?”

उपमा चांगली होती. एका संघाला उंच मध्यरक्षक हवा असतो. तो ज्याच्याजवळ आहे त्याला खेळाडू नको, पुढील वर्षांच्या नवोदितांतून प्रथम निवड करण्याचा हक्क हवा असतो. तो हक्क तिसऱ्याजवळ असतो. आणि या सगळ्यात उरलेला एक जड पगार सामावून घेण्याइतकी मोकळी जागा चौथ्याच्या हिशेबात असते. चौघे एकत्र आले म्हणजे जे दोघांना अशक्य होते ते साधते. २०२५ च्या जुलैत केविन ड्यूरंट फिनिक्सहून ह्यूस्टनला गेला, त्या एका व्यवहारात तर सात संघ गुंतले होते. मुलाच्या प्रस्तावातही असा चातुर्याचा भाग होता, आणि ‘प्रत्येक संघास होणारा लाभ’ वाचताना आम्हाला क्षणभर वाटले, की जगात कोणाचेच नुकसान न होता सर्वांचा फायदा होण्याची युक्ती अखेर आमच्याच घरी सापडली!

इतक्यात आमची दृष्टी एका बारीक ओळीवर गेली. दुसऱ्या रकान्यातून चौथ्यात जाणाऱ्या एका बाणावर एका खेळाडूचे आडनाव होते, आणि त्यापुढे लिहिले होते : ‘पगार जुळवण्यापुरता’. लाभाच्या चार कलमांपैकी एकातही या गृहस्थाचा उल्लेख नव्हता. तो जाणार होता, कारण त्याच्या पगाराचा आकडा बेरजेत नेमका बसत होता.

“हा कसा खेळतो रे?” आम्ही विचारले.

“बरा खेळतो. पण त्याचा इथे प्रश्न नाही.”

आम्हाला वाटले, प्रश्न असेल तर तो इथेच आहे. पुढे काही दिवस आम्हीही त्याच्याबरोबर जुने सौदे चाळले, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

२००५ च्या ऑगस्टात पाच संघांनी मिळून तेरा खेळाडूंची अदलाबदल केली. तोवर इतका मोठा सौदा झालेला नव्हता. मायामीला अँटोइन वॉकर, जेम्स पोझी आणि जेसन विल्यम्स मिळाले, मेम्फिसला एडी जोन्स मिळाला. आणि पुढल्याच वर्षी, २००६ त, मायामीने आपले पहिले अजिंक्यपद पटकावले. पुतण्याच्या मते हा प्रस्तावशास्त्राचा आदर्श होय. आमचे लक्ष मात्र त्याच सौद्यातील आल्बेर्त मिरायेस या स्पॅनिश खेळाडूकडे गेले. त्याला निवडण्याचा हक्क तेवढा मायामीने बोस्टनकडे सुपूर्त केला. तो स्वतः या संस्थेच्या मैदानावर कधीच उतरला नाही. माणूस आपल्या देशात खेळत राहिला, आणि त्याच्या नावाची हुंडी समुद्रापलीकडे हस्तांतरित होत राहिली.

याहून बोधप्रद गोष्ट २०१२ ची. त्या ऑगस्टात चार संघांचा सौदा झाला. ऑरलँडोचा बलाढ्य ड्वाइट हॉवर्ड लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला, त्यांचा अँड्र्यू बायनम फिलाडेल्फियाकडे, आणि फिलाडेल्फियाचा आंद्रे इग्वोडाला डेन्व्हरकडे. मथळ्यांत झळकली ती ही तीन नावे. पुढे घडले ते असे : बायनमचे गुडघे दुखावले आणि फिलाडेल्फियासाठी तो एकही सामना खेळला नाही. हॉवर्ड एका हंगामानंतर लेकर्सना सोडून गेला. इग्वोडालानेही एका वर्षात डेन्व्हर सोडले, आणि २०१५ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला, पण गोल्डन स्टेटच्या वेषात! ज्यांना आपण जिंकलो असे वाटले त्या तिघांच्याही पदरात दुसरे वर्ष उजाडेपर्यंत काही उरले नव्हते. आणि ऑरलँडो? हॉवर्ड गमावलेल्या त्या संघाला जे काही मिळाले त्यात निकोला वुचेविच नावाचा एकवीस वर्षांचा, जेमतेम एक हंगाम खेळलेला तरुण होता. तो तेथे २०२१ पर्यंत टिकला, आणि २०१९ व २०२१ अशा दोन वेळा निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली.

हे पुतण्यास दाखविले तेव्हा तो म्हणाला, “गुडघ्यांचे भविष्य कोणाला कळणार?” कोणालाच नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. प्रस्ताव रचणारा खेळाडूकडे पाहतो ते आकडा म्हणून; आणि सौदा अखेर फळास येतो किंवा फसतो तो मात्र त्या आकड्यामागच्या माणसामुळे. त्याचे शरीर, त्याचे मन, नव्या गावी रुळण्याची त्याची ताकद, या गोष्टी बेरजेत धरता येत नाहीत, म्हणून त्या नाहीतच असे समजावयाचे, हा केवळ निष्ठुरपणा नव्हे. तो हिशेबातलाही दोष आहे.

याची दुसरी बाजू आम्ही लपवीत नाही. २०१८ त टोरांटोने नऊ हंगाम इमाने खेळलेल्या डिमार डिरोझनला सॅन अँटोनियोस पाठवून कवाय लेनर्डला आणले. डिरोझनला ती गोष्ट फार लागली. पण २०१९ त टोरांटो अजिंक्य ठरले. संघाच्या बाजूने पाहता तो सौदा चुकला असे कोण म्हणेल? तेव्हा अदलाबदलच वाईट, असा आमचा आग्रह नाही. “शिवाय त्यांना कोट्यवधी मिळतात, काका,” हे पुतण्याचे उत्तरही खोटे नाही. कोट्यवधी घेणाऱ्यासाठी आपण अश्रू ढाळू नयेत, हे ठीकच.

परंतु आमच्या वडिलांना कोट्यवधी मिळत नव्हते. ते सरकारी नोकरीत कारकून होते. एका गृहस्थास आपल्या गावी जावयाचे होते. तेथल्या माणसास दुसऱ्या ठिकाणी हलवावे लागले. आणि त्यामुळे मोकळी पडलेली तिसरी जागा भरण्यासाठी वडिलांचे नाव निघाले. त्यांनी काही मागितले नव्हते, त्यांची कोणी तक्रारही केली नव्हती. साखळी पुरी होण्यास त्यांच्या दर्जाचा एक माणूस कमी पडत होता, इतकेच. ऐन सहामाहीत आमची शाळा सुटली, आईने कुंडीतली तुळस शेजारी दिली, आणि वडील नव्या गावच्या कचेरीत पहिले वर्षभर कोणाशी फारसे बोलले नाहीत. ज्याने ती साखळी जुळवली त्याच्या कागदावरही तिघांच्या सोयीचे कलम असेलच. हे आम्ही त्या दिवशी पुतण्याला प्रथमच सांगितले.

तो काही बोलला नाही. वही घेऊन उठून गेला. दोन दिवसांनी वही पुन्हा चहाच्या मेजावर दिसली. चार रकान्यांच्या शेजारी पाचवी रेघ ओढून त्याने माथ्यावर ‘माणूस’ असे लिहिले होते. खाली सारा रकाना कोरा होता.

“हा कसा भरायचा ते समजत नाही,” तो म्हणाला. मग थोडे थांबून त्याने विचारले, “आजोबांना हे कळले केव्हा हो?”

“शनिवारच्या टपालाने,” आम्ही सांगितले. “आठ दिवसांत रुजू व्हावयाचे होते.”